पोरीला सांगू नका

केरबा सोनकांबळ्यांच्या धाकट्या लेकीचं, ज्योत्स्नाचं, लग्न झालं २०२३ सालच्या मे महिन्यात. आणि त्याच साली, दिवाळी सरल्यावर, पुनम त्यांच्या घरी आली. ज्योत्स्ना परभणीला सासरी गेलेली, थोरला सुगत पुण्याला कंपनीत, आणि लोह्याच्या त्या तीन खोल्यांत केरबा आणि सरजाबाई ही दोनच माणसं उरली होती. केरबा रेल्वेत गँगमन होता. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. सरजाबाईला रिकामं घर सोसेना. अंगणवाडीच्या बाईंकडून तिनं ऐकलं, की ज्या लेकरांना कोणी सांभाळणारं नाही ती सरकार काही वर्षांसाठी चांगल्या घरी देतं. दत्तक नव्हे, नुसता सांभाळ. महिनाभर खनपटीला बसून तिनं केरबाला अर्ज करायला लावला.

पुनम दहा वर्षांची होती आणि हे तिचं चौथं घर होतं.

पहिलं घर चाकूरजवळच्या खेड्यातलं, चुलत्याचं. बाप रामलिंग बिराजदार ती पाळण्यात असतानाच ट्रॅक्टर उलटून गेला. आई मल्लम्मा, उदगीरच्या पलीकडची, पोरीशी कानडीत बोलायची. पुनम सात वर्षांची असताना, कोरोनाच्या दिवसांत, आईला ताप चढला. श्रीमंतकाकानं तिला जीपमध्ये बसवून लातूरला नेलं. परत आला तो एकटाच.

"आईला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय," काका म्हणाला.

महिन्याभरानं पुनमनं परत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बरी झाली. तिकडंच कामाला लागली. येईल."

पुढं कस्तुराकाकूला तिचं जड झालं आणि पुनम लातूरच्या बालगृहात गेली. तिथून नांदेडला एका मास्तरांच्या घरी. मास्तरांच्या घरी ती चांगली रुळली होती. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, "माझी आई आली की मी तिच्यासंगं जाणार हाय." मास्तर आणि मास्तरीण एकमेकांकडं बघत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी तिला गुरुद्वारा दाखवला, नवा फ्रॉक घेतला, जिलेबी खाऊ घातली, आणि सोमवारी सकाळी बालकल्याण समितीच्या मॅडम गाडी घेऊन दारात उभ्या.

तेव्हापासून पुनमला दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. एक म्हणजे आईचं नाव कुणाच्या घरी काढायचं नाही. आणि दुसरी, गोडधोड झालं, नवं कापड आलं, आणि मोठी माणसं फोन घेऊन परसात जायला लागली, की आपण तिथून निघालो.

निघायचं तिला दुःख नव्हतं. भीती निराळीच होती. दर वेळी आपण हललो की आईला सापडायला आणखी अवघड होणार. आई आधी चाकूरला जाईल, तिथून लातूरला, मग नांदेडला. आणि नांदेडला मास्तरीणबाई तिला लोह्याचं सांगतील की नाही कोण जाणे.

सरजाबाईच्या घरात पुनम उंबऱ्याशी बसायची. तिथून मोठा रस्ता दिसायचा. नांदेडहून लातूरला जाणारी सगळी वाहनं समोरून जात, आणि त्यांतल्या काहींच्या पाटीवर टीएस लिहिलेलं असे. टीएस म्हणजे तेलंगण, म्हणजे हैदराबाद, हे तिला बालगृहातल्या एका मोठ्या पोरीनं शिकवलं होतं. तसली गाडी रसवंतीपाशी थांबली की पुनम उठून उभी राहायची. गाडीतून कोण उतरतंय ते बघायची, आणि परत बसायची.

"काय गं, ट्रॅफिक पोलिसात नाव घालायचंय का?" सरजाबाई हसायची. "समद्या गाड्यांचे नंबर पाठ करून राहिलीस."

पुनम उठून आत जायची. ताटात वाढलेलं ती आधी हुंगायची.

"विख न्हाई घातलं माय. घातलं असतं तर आधी ह्या म्हाताऱ्याला वाढलं असतं."

"मी तर रोजच खाऊन राहिलो," केरबा म्हणायचा. "तरी जिता हाव, बघ."

पुनमला हसू यायचं, पण ती ते दाबायची. हसणारी माणसंही पोहोचवून येतात, हे तिनं पाहिलं होतं.

एक मात्र तिच्या ध्यानात आलं होतं. या घरात तिच्या आईचं नाव कुणीच काढत नव्हतं. चाकूरचं गाव विचारत, शाळेचं विचारत, काकाच्या म्हशीचंसुद्धा विचारत. आईपाशी येऊन मात्र बोलणं थांबायचं. माणसं जे बोलायचं टाळतात तेच त्यांनी दडवलेलं असतं, असा पुनमचा हिशोब. तिला हे ठाऊक नव्हतं, की मॅडमनी पहिल्याच दिवशी सरजाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईचा विषय तुम्ही होऊन काढू नका. पोर फार मिटलेली आहे." सरजाबाईनं ते शब्दाला शब्द पाळलं होतं.

असे पाच महिने गेले. एप्रिल उजाडला, चौदा तारखेची जयंती झाली. पुनमला निळा फ्रॉक मिळाला. तो सगळ्या वस्तीतल्या पोरींना मिळाला होता, त्यामुळे तिनं त्यावर संशय धरला नाही.

जयंती होऊन दोन दिवस झाले आणि केरबा जेवता जेवता म्हणाला, "पुनी, तुज्या आईला खायला काय आवडायचं गं?"

पुनमनं घास ताटात ठेवला.

"कशाला?"

"असंच." केरबानं ताटाकडं बघितलं.

केरबाला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बोलताना त्याचे कान हलायचे. पुनमनं ते कान बघितले.

"होळगी," ती म्हणाली. पुरणपोळीला तिची आई होळगी म्हणायची.

"बरं बरं," केरबा म्हणाला, आणि सरजाबाईनं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं.

दुसऱ्या दिवशी केरबा सकाळीच बाहेर पडला. "नांदेडला बँकेत जाऊन येतो." संध्याकाळी आला तो धुळीनं माखून. गुरुवारी सरजाबाईनं धुण्याचे कपडे पुनमकडं दिले, "खिसे बघ गं, म्हातारा कागद ठेवतो." शर्टाच्या खिशात एसटीचं तिकीट होतं. पुनमनं ते उलगडलं. लोहा ते चाकूर.

चाकूर नांदेडच्या बरोबर उलट्या दिशेला. चाकूरला केरबाचं कोण होतं? कोणीच नाही. चाकूरला होतं ते फक्त पुनमचं.

तिकीट तिनं घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवलं.

त्या दुपारी शेजारची शेषेरावाची बायको पायरीवर येऊन बसली. सरजाबाई शिलाईच्या मशीनवर होती. मशीनखाली पांढरं कापड होतं.

"कुणाचं गं?"

"पुनीचं. फ्रॉक."

"जयंती तर झाली की."

"राहू दे. लागंल."

"अगं सरजे," शेजारीण पुटपुटली, पण पुनमला ऐकू गेलंच, "पोर त्यांच्या जातीतली, आपल्या न्हाई. उद्या चुलत्याच्या मनात आलं तर हात धरून घेऊन जाईल. कशाला एवढा जीव लावून राहिलीस?"

"नेली तर नेली," सरजाबाई म्हणाली. शिवण वाकडी गेली म्हणून ती त्राग्यानं म्हणाली होती, पण पुनमनं शब्द तेवढे घेतले.

मग फोन. शुक्रवारी सकाळी सरजाबाई मोबाईल घेऊन परसात गेली. लिंबाखाली पाठमोरी उभी राहून बोलत होती, आणि बहिऱ्या माणसांसारखी मोठ्यानं बोलत होती, कारण तिला वाटे लांबच्या गावाला ओरडूनच बोलावं लागतं. पुनम खिडकीखाली बसली.

"हाव, कस्तुराबाई... रविवारीच. धा वाजता... तुमी न्हाई आलात तर श्रीमंतरावांना तरी लावून द्या. ह्यांनाच धाडते उद्या, संगं घेऊन येतील... न्हाई, न्हाई, पोरीला सांगू नका. आमी बी न्हाई सांगितलं. त्या दिशीच कळू द्या."

पुनमला आता आणखी काही ऐकायचं नव्हतं. गोड होणार होतं, कापड आलं होतं, फोन झाला होता. रविवारी काका येणार आणि घेऊन जाणार. आणि काकाच्या घरून दुसऱ्या कुठल्या घरी, कुठल्या गावी, हे आईला कोण सांगणार?

शनिवारी केरबा पहाटेच्या गाडीनं गेला. पुनमची सकाळची शाळा. ती दप्तर घेऊन निघाली, पण दप्तरात पुस्तकं नव्हती. दोन फ्रॉक, कंगवा, आणि जयंतीला मिळालेली शंभराची नोट होती. नांदेडहून हैदराबादला रेल्वे जाते, हे केरबानंच तिला सांगितलं होतं. ती थेट बसस्थानकावर गेली.

स्थानकावर शनिवारची गर्दी होती. नांदेडची गाडी कुठं लागते ते तिनं एका बाईला विचारलं, आणि खांबाच्या आड उभी राहिली. दोन गाड्या गर्दीत तिला चढता न येताच गेल्या. दहा वाजून गेले तेव्हा लातूरकडून एक गाडी आत आली. धूळ बसली, माणसं उतरली, आणि त्या माणसांत केरबा होता. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं, पाटीएवढं. आणि त्याच्या मागून, धोतर सावरत, श्रीमंतकाका उतरला.

पुनमला पळायचं होतं. पण वाटेत गर्दी होती.

केरबानं तिला बघितलं.

"आगं? तू हिथं? शाळा न्हाई का?" मग त्याला दप्तर दिसलं, दप्तराच्या तोंडातून बाहेर आलेला फ्रॉक दिसला. "कुठं निगालीस?"

"तुमी मला देऊन टाकणार हाव," पुनम म्हणाली. "मला समदं म्हाईत हाय. चाकूरला गेलता. बँकेत गेलो म्हणून खोटं सांगितलं. उद्या हा मला घेऊन जाणार."

"कोण?"

"हा!" तिनं काकाकडं बोट केलं. चुलत्याला कुणी असं बोट दाखवत नाही, पण दाखवलं.

श्रीमंत एक पाऊल मागं सरला.

"खुळी का काय," केरबा म्हणाला. "तुला कोण नेतंय? न्यायला आले तर सरजी त्यांना उलथनं घेऊन सडकेपर्यंत पिटाळंल."

"मग हा कशाला आला?"

"उद्या कार्यक्रम हाय आपल्या घरी. तुज्याच माणसाला बोलवायचं न्हाई तर कुणाला?"

"कसला कार्यक्रम? आन् कागदात काय हाय?"

केरबाचे कान हलले नाहीत. तो सरळ बोलला. "तुज्या आईचा फोटू हाय. ह्यांच्याकडं लग्नातला एक व्हता. चाकूरला मोठा करून घेतला, काच बसवली."

पुनमचा चेहरा असा उजळला, की केरबाला कळेना आपण काय बोललो.

"आईनं पाठवला?" ती म्हणाली. "आई येणार हाय उद्या?"

स्थानकावर कंडक्टर अहमदपूर-अहमदपूर ओरडत होता. केरबानं हळूच मान वळवली आणि श्रीमंतकडं बघितलं.

"श्रीमंतराव," तो म्हणाला. "तुमी पोरीला सांगितलं न्हाई?"

श्रीमंतनं टोपी काढली, परत घातली. "लहान व्हती. रडत व्हती लई. म्हटलं जरा दम धरावा. मंग येळ निघून गेला."

"तीन वर्सं?"

"बालगृहात सांगितलं असंल म्हटलं. त्यांच्याकडं कागद व्हता की."

"आन् आमी म्हटलं तुमी सांगितलं असंल." केरबा बाकड्यावर बसला. पाच महिने तो आणि सरजाबाई समजून चालले होते, की पोरीला सगळं ठाऊक आहे आणि दुःखानं बोलत नाही. मल्लम्माच्या नावानं चाकूरला काहीच झालं नव्हतं. कोरोनातली माती, चार माणसंसुद्धा जमली नव्हती. केरबाच्या घरात माणूस गेलं की दर साली त्या तारखेला फोटो मांडतात, मेणबत्ती लावतात, वंदना घेतात, चार माणसांना जेवू घालतात. पोर आपल्या घरात आहे तर तिच्या आईचं पुण्यानुमोदन आपणच करायचं, पोरीला पांढरा फ्रॉक घालून पुढं बसवायचं, असं सरजाबाईनं ठरवलं होतं. आधी सांगितलं तर पोर चार दिवस झुरंल, म्हणून सांगायचं नाही. एवढाच सगळा कट होता.

"काय सांगितलं न्हाई?" पुनम म्हणाली.

श्रीमंत चटकन पुढं झाला. "काई न्हाई बाळा. आई हैदराबादला—"

"श्रीमंतराव, गप बसा," केरबा म्हणाला.

तो उभ्या आयुष्यात कुणाला असं बोलला नव्हता. चाकूरच्या बिराजदाराला तर मुळीच नाही. पण पस्तीस वर्षं तो रुळावर चालला होता. रुळाला तडा दिसला की गँगमनला तोंड फिरवता येत नाही, लाल झेंडी घेऊन पळावंच लागतं, मग समोरून कुणाचीही गाडी येवो.

"पुनी, हिकडं बस. घरी जाऊन सांगू का हितंच?"

"हितंच." घरी जाईपर्यंत ही माणसं काहीतरी नवं जुळवतील, असं तिला वाटलं.

"तुजी आई हैदराबादला कवाच गेली न्हाई. लातूरच्या दवाखान्यातच वारली ती. हे तुला हलवून लातूरवरनं आले ना, त्याच्या चौथ्या दिशी." तो थांबला. "तुला हलवून न्हाई. तिला पोचवून. माजी जीभ वळंना बघ."

पुनम त्याच्या कानांकडं बघत होती. कान हलत नव्हते.

"खोटं," ती म्हणाली.

केरबानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कागद काढला. तारीख चुकू नये म्हणून तो बुधवारी त्यासाठीच गेला होता. "हा दाखला. तुला वाचता येतं. माज्यावर इश्वास ठिवू नको, तू वाच."

पुनमनं कागद घेतला. वर गोल शिक्का होता. तिनं बोट ठेवून नाव वाचलं, मग बापाचं, मग गाव. खालच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. नांदेडची गाडी लागली, भरली आणि गेली. ती रडली नाही. तिनं कागद घडी केला तो जुन्याच घडीवर, आणि केरबाला परत दिला.

"सरजाआजीला म्हाईत व्हतं?"

"व्हतं. पण तिला वाटलं तुला बी हाय."

श्रीमंतनं चहा मागवायचं काढलं. पुनम त्याला म्हणाली, "काका, तू मला येईल म्हणालता." तिनं ओरडून सांगितलं नाही, पण श्रीमंतनं चहावाल्याला हातानंच नको म्हटलं आणि टोपीनं तोंड पुसलं.

तिघं चालत घरी आले. दारातून सरजाबाई पुरणाचे हात घेऊन बाहेर आली. सुरुवातीला तिला वाटलं, पोर शाळेतून सुटून वाटेत भेटली. मग केरबाचं तोंड बघितलं.

"हिला म्हाईतच नव्हतं, सरजे," केरबा म्हणाला. "कुणीच सांगितलं न्हाई."

सरजाबाई उंबऱ्यावरच खाली बसली. पुरणाचे हात तिनं तसेच लुगड्याला पुसले. "आन् मी पुरण शिजवून राहिले," ती म्हणाली. "मी फ्रॉक शिवून राहिले. बाई गं. तुला काय वाटलं असंल."

"मला वाटलं मला देऊन टाकून राहिलाव."

"आन् विचारलं न्हाईस?"

"तुमी आईचं नाव काढत नव्हता."

"तू बी काढत नव्हतीस की गं!"

पुनम तिच्या शेजारी बसली. मग जरा वेळानं ती रडायला लागली, आणि सुरू झालं ते थांबेना. सरजाबाईनं तिला उगी म्हटलं नाही. श्रीमंत अंगणात बाजेवर बसून राहिला. केरबानं त्याला पाण्याचा तांब्या दिला, आणि त्यानं कुठलीही सबब न सांगता तो तोंडाला लावला.

"आजी," थोड्या वेळानं पुनम म्हणाली. "मला अजून एखादी गोष्ट सांगायची राहिली का?"

सरजाबाईनं विचार केला. खरंच केला. "मॅडम जूनमधी येणार हायेत. वर्साचा कागद नवा करायला. आमी हाव म्हणणार हाव. तू न्हाई म्हणालीस तर मात्र आमचं काई चालत न्हाई. एवढंच."

"मी पण हाव म्हणंन," पुनम म्हणाली. मग म्हणाली, "बघू."

"बघ की," सरजाबाई म्हणाली.

रविवारी दहा वाजता वस्तीतली पंधरा-वीस माणसं आली. टेबलावर पांढरी चादर, त्यावर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, आणि खाली मल्लम्माचा फोटो, लग्नातला, डोळे मोठे करून बघणारा. पुनम त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत होती. तिला आईचा चेहरा आठवत होता त्यापेक्षा तो गोल होता. बौद्धाचार्य आनंदराज यांनी वंदना सुरू करण्याआधी विचारलं, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांचं नाव आणि तारीख कोण सांगणार? श्रीमंत घसा खाकरून उठायला लागला.

"मी सांगते," पुनम म्हणाली. ती उभी राहिली आणि शाळेत सांगतात तसं मोठ्यानं सांगितलं.

मल्लम्मा रामलिंग बिराजदार, वय तीस, बुधवारी, २१ एप्रिल २०२१ रोजी लातूरच्या दवाखान्यात वारली.